डेन्मार्कचे लुटारू

आर्वीच्या बसस्टँडवर प्रमोदिनीबाई वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर नत्थूजी आणि कोकिळा हे वयस्क शेतकरी जोडपं बसलं होतं.

"दोन दिवस झाले, समीक्षाचा फोन नाई. मी वाचलं हाय कोकिळा, त्या डेन्मार्कचे लोक जहाजानं जात, गावंच्या गावं लुटत."

"अवो, हजार वर्सं झाली त्याले! आपली पोरगी तिथं शिकाले गेली, काऊन जीव खाऊन राह्यले?"

"रक्त तर तेच हाय नं!"

तेवढ्यात फोन वाजला. नत्थूजींनी घाईघाईनं स्पीकर लावला.

"बाबा, इथलं सिम आज भेटलं. मी मजेत हावो. घरमालकीण आजीनं सूप करून देल्लं."

"तुह्या बाबाले लुटारूंचा भेव वाटते वो!"

"बाबा! ते लुटारू इंग्लंडात गेले आन तिथंच बसले. जमिनी नांगरल्या, तिथल्याच पोरींशी लग्नं केली. नातवंडं तर आजाची भाषाबी भुलली."

नत्थूजींनी फोन गुडघ्यावर ठेवला. वर्ध्याची गाडी लागली, तरी प्रमोदिनीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बाबा? आयकून राह्यले नं?"

"म्हंजे, जो जाते तो तिथलाच होते?"

"मी नाई होत. मार्चमधी गहू सोंगाले येईन, तिकीटबी काढलं."

फोन ठेवून त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"आता तरी चहा पेता का? सकाळपासून घोटभर नाई पेले."

"सांग दोन. आन त्या बाईलेबी इचार. कवाची कान देऊन बसली हाय, गाडीबी सोडली तिनं."