गोळी लागू पडली

न्हाय, गोळीला नावं ठिवू नका, तुमाला सांगतो, गोळी लागू पडली… चुकलं ते आमच्या घरचं. आमची रोहिणी, नऊ वर्षांची, एका जागी ढुंगण टेकल तर शप्पथ, पाढा म्हणता म्हणता सातावर आली की निघाली सरडा बघायला. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासलं, एडीएचडी हाय म्हणले, "अमरदीप, ही गोळी सकाळी द्या, चार तास लक्ष राहील." आता आमची सकाळ म्हंजी काय? माझी माय केशरबाई साडेपाचला पोरीला बुद्धवंदनेला बसवती, आन् वंदना झाली की घरातल्या समद्यांच्या गोळ्या तवाच. झालं… सहाला गोळी पोटात, शाळा साडेदहाला!

आन् काय लक्ष हो त्या चार घंट्यात. पोरीनं पाच किलो तूरडाळ निवडली, खडा सोडा, फुटका दाणा ठिवला न्हाय. माय म्हणती, "लई गुणाची गोळी हाय रं, सांजच्याला बी दे एक, हुलगं निवडायचं राह्यल्यात." महिनाभर आमी झकास डाळ खाल्ली, आन् वर्गात पोरगी सरड्यामागं. गुरुजी इचारायचे, "औषध चालू हाय ना?" म्या काय सांगू, लक्ष घरीच सरलं म्हणून?

डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. मग दहाला देऊ लागलो. गोळी लागू पडली… पोरगी बसली. फळ्यावरची तारीख, पटसंख्या, समदं उतरवायची. पण भागाकार दिला की गप. आन् घरी बी गप. पहिलं सरडा बघून आली की शंभर प्रश्न इचारून डोकं खायची, आता एक न्हाय. त्याचं मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

परत डॉक्टर. म्हणलं सायेब, ताकद वाढवा गोळीची. तर त्यांनी उलट कमी केली. "गप्प झाली म्हणजे डोस जास्त होतोय. आणि गोळीनं लक्ष टिकतं, सांगितलेलं डोक्यात राहतं. पण दोन वर्षं जे शिकायचं राहिलं, ते गोळीत नसतं अमरदीप, ते कुणीतरी शिकवावं लागतं."

कुणीतरी म्हंजी कोण? म्या सातवी नापास, टेम्पोवाला. गेलो गुरुजींकडं, हात जोडले. लई भला माणूस, म्हणले, "घेतो की तिचं करून, सोमवारपासून." मला अशी आशा लागली म्हंता… सोमवारी दहाला गोळी दिली, टेम्पोतनं शाळेत सोडली. कळंबला सोयाबीन टाकून साडेबाराला परत येताना खिडकीतनं डोकावलो. गुरुजी एकच, चार वर्गांना, आन् त्यांस्नी ऐनवेळी ट्रेनिंगला बोलावलेलं, पंधरा दिवस. पोरं बाकावर नाचत हुती. आमची रोहिणी तेवढी ताठ बसलेली, वही उघडी, पेन्सिल हातात, आन् नजर रिकाम्या खुर्चीवर, जरा बी हलंना.

गोळी लागू पडली हुती. म्या घड्याळ बघितलं… अजून दीड घंटा लक्ष बाकी हुतं.