बेचाळीस बंद खिसे

नाही हो ताई, सव्वाअकरा नव्हे, अकरा वीस. बरोबर अकरा वाजून वीस मिनिटं. माझ्या मशीनसमोरच भिंतीवर घड्याळ आहे ना, ते दिवसभर माझ्याकडेच बघत असतं, म्हणून नक्की सांगते — तेव्हा आमच्या सुपरवायझरबाई मागून आल्या नि म्हणाल्या, तुझ्या सासूचा फोन आलाय, पोरीनं नाकात बटण घातलंय. जरा सरकता का, हिचे पाय लागतील तुम्हाला. ही आमची ठकी. ठकू, तोंडानं श्वास घे बाळ, नाक ओढू नकोस, वर जाईल ते. रडत नाहीये, त्याचीच तर मला भीती वाटतेय, एरवी नुसती वेणी घालायला घेतली तरी गल्ली गोळा करते. तुम्ही आमच्याच कारखान्यातल्या ना — खालच्या मजल्यावरच्या, पॅकिंगच्या? ॲप्रनवरून ओळखलं. अंगठ्याला काय झालं, कटर लागला? टाके नाहीत ना? मग बरं. मी वरती, खिशांच्या टेबलावर, चौथं मशीन. आमच्याकडून गठ्ठा सुटला की तुमच्याकडेच येतो, पण ओळख व्हायची ती अशी दवाखान्यात. आणि मी जे काही बोलेन ते वर कुणाला सांगू नका हं. तशी मी फार बोलत नाही.

बटण आमच्याकडचंच. चोरलेलं नाही हो, डब्याच्या पिशवीत पडतात दोन-चार, दोरे येतात तशी तीही येतात घरी. ठकी ती फ्रॉकच्या खिशात साठवते नि मग एकेक तोंडात. गेल्या आठवड्यात मी बोट घालून काढलं एक. सासूबाई काही ओरडल्या नाहीत, भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, आई घरात असती तर पोरीवर बटणं चघळायची पाळी आली नसती. आता तुम्हीच सांगा, गुडघे त्यांचे दुखतात, सांभाळतात तरी, मी काय उलट बोलणार? आमचे हे गाडीवर, चार-चार दिवस बाहेर, ते फोनवर म्हणतात, तुम्ही दोघी बघून घ्या. म्हणजे मी बघून घ्यायचं. म्हणून आज सकाळी डबा भरायच्या आधी मी काय केलं — सुई-दोरा घेतला नि हिच्या पाचही फ्रॉकचे खिसे वरून शिवून टाकले. खिसाच नाही तर साठवशील कुठं? इतकं शहाणं वाटलं मला स्वतःला. आणि मघाशी रस्त्यात हिला विचारलं, का गं नाकात घातलंस, तर म्हणते, खिसा उघडेना. ऐकलंत? ठेवायला जागा नव्हती म्हणून नाकात ठेवलं. जपून ठेवलं तिनं ते.

हसा, हसा. मलाही हसू आलं असतं. — तुमच्याकडे आल्या होत्या का हो त्या मॅडम, घर नि काम यांचा तोल कसा सांभाळायचा ते सांगायला? आमच्याकडे आल्या. एकेक कागद दिला, त्यावर मोठ्ठं गोल, म्हणाल्या, कामाला एक फोड, मुलांना एक, घरातल्यांना एक, स्वतःला एक. मी सातवी शिकलेय, गोलाचे भाग येतात मला. पण स्वतःची फोड उरलीच नाही, म्हणून गोलाबाहेर लिहिलं, अंघोळ. शेजारची किती हसली. पण फोडी कागदावर पडतात हो, हाताच्या कशा पाडायच्या? हात तर तेच दोन. सकाळी घरी जे केलं तेच तिथं करत बसतात — 

काही नाही. असंच म्हटलं.

नाही, म्हणजे… खिसा कसा लावतात माहीत आहे ना तुम्हाला? तीन बाजूंनी टीप मारायची, दुसरा कोपरा वळला की वरपर्यंत जायचं नि थांबायचं. आज मी थांबलेच नाही. चौथ्या बाजूनंही मारत गेले. डोक्यात ठकीचा खिसा, पायाखाली मशीन. फोनचं कळल्यावर उठताना हातातला फ्रॉक खाली ठेवला, सवयीनं खिशात बोट घालायला गेले, तर बोट जाईना. त्याखालचा बघितला, तोही बंद. त्याखालचाही. शाळेच्या फ्रॉकचा बेचाळीसचा गठ्ठा, सगळा. सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. पण बाई म्हणाल्या असत्या, उसवून दे नि मग जा, आणि तेवढं उसवायला दोन तास. गेल्या महिन्यातच म्हणाल्यात, आणखी एक चूक झाली की तुझं मशीन दुसरीला. मशीन गेलं की मी घरात, सासूबाईंचं खरं. म्हणून मी गठ्ठ्याला माझ्या मशीनची चिठ्ठी लावली नि पुढं ढकलला. शेजारचीचे दोन नीट झालेले फ्रॉक वर ठेवून. तपासणारी वरचेच बघते, मला ठाऊक आहे.

असं बघू नका ना माझ्याकडे. कुणाची तरी पोरं घालणार ते, शाळेच्या पहिल्या दिवशी. हात घालतील खिशात, आणि हात जाणार नाही. हातातलं मग कुठं ठेवतील कोण जाणे.

हो, आम्हीच, बटणवाली मुलगी, आले, आले. ठकू, मान धर माझी. ताई, तुम्ही आता परतच निघालात ना? तीनची गाडी भरायच्या आधी पोहोचाल. मघाशी म्हटलं ना कुणाला सांगू नका — ते राहू द्या. खाली सांगा, वर बाईंनाही सांगा. करडे फ्रॉक, चौथ्या मशीनची चिठ्ठी, तो गठ्ठा भरू नका म्हणावं. वरचे दोन बघू नका, तिसऱ्याच्या खिशात बोट घाला. बेचाळीसही मीच शिवलेत, मीच येऊन उसवते. आणि मशीन दुसरीला दिलंच असेल, तर उसवायची कात्री तेवढी माझ्यासाठी ठेवा म्हणावं. एवढं सांगा.