सुनेच्या फोटोवरचा पदर

पेन्शनच्या फोटोसाठी द्वारकाबाई भोकरदनच्या स्टुडिओत बसल्या होत्या, पण कान सगळे शेजारच्या म्हाताऱ्या शेठजींकडं.

“सोमेश्वर, आमची सून गेली, तिचा भिंतीवर लावायचा फोटो हाय. घरचे म्हणतेत, केस मोकळे दिसून राह्यले. डोक्यावर पदर घाल.”

“घालतो, किशनलालशेठ.”

“मंग पह्यला फोटो पुसला जाईल का? नातीला आईचा तेवढाच हसरा फोटो हाय. मोठी झाली की मागंल.”

“बिलकुल न्हाई पुसणार. कॉम्प्युटरवर पदर वरून वेगळा टाकतो. काढला की खाली फोटो जसाच्या तसा. या, बघा इकडं.”

“पदर झाला का?”

“न्हाई अजून.”

“मंग कसा बघू?”

द्वारकाबाईंना राहवलं नाही. “अवो शेठजी, मेल्यावर तरी लेकराचं डोकं मोकळं राहू द्या की!”

“बाई, आमच्यात सून सासऱ्यापुढं घुंघट वर करत न्हाई. आठ वर्षं तिच्या हातचं जेवलो, तोंड पाह्यलं न्हाई.”



“शेठजी, घातला पदर. आता बघा.”

शेठजी चष्मा सावरून स्क्रीनजवळ वाकले.

“सोमेश्वर, हिच्या गालावर खळी पडायची व्हय?”