मोरूची सळई

...आणि वर मलाच विचारतात, "रेल्वेत नक्की करता काय हो तुम्ही?" अहो, सिग्नल दुरुस्त करतो! खाऱ्या वाऱ्यात गंजलेले स्क्रू फिरवण्यात जन्म गेला, पण सिग्नल हिरवा असताना कुणी म्हणतं का, वा घरत, काय हिरवा ठेवलाय! छे! सिग्नल लाल, तोंड आमचं काळं!

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझी रजा. आमच्या पोरीला, हेमालीला बघायला उलव्याचे पाहुणे येणार. पोरा-पोरीचं आधीच जुळलेलं, राहिला होता फक्त मुलाच्या बापाचा होकार. आणि बाप कसा? वेळेपायी दोन्ही हातांत घड्याळ घालील असा! तो म्हणाला, "कारनं येतो." मी शहाणा! म्हटलं, "रस्त्यावर कंटेनरांची रांग, ट्रेननं या, आपलीच लाईन आहे, जबाबदारी माझी!" ...जीभ झडली का नाही माझी?

पाट मांडतोय तोच स्टेशन मास्तरांचा फोन. "घरत, खाडीपुलाजवळ रूळ रिकामा, तरी सिग्नल लाल! ड्युटीवाला लांब आहे, तुम्ही पळा!" अडकलेली गाडी कुठली? विचारताय काय... तीच!

नव्या पँटीनिशी धावलो. आता रुळांत हलका करंट असतो, दोन्ही रूळ लोखंडानं जोडले की सिग्नलला वाटतं गाडीच उभी आहे. बघतो तर रुळांवर आडवी लोखंडी सळई, बिळातले खेकडे ओढायची! आणि खाली चिखलात चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसलेला कोण? बायकोचा सख्खा भाऊ, मोरू!

"दाजी! पावन्यांना चिंबोऱ्या नको? सली चिखलान हरवंल म्हनून वर ठेवली. गारी आली असती त उचलली असती ना!"

अरे, येईल कशी? तुझ्या सळईपायीच उभी आहे ती! सिग्नल लाल, तोंड आमचं काळं!

सळई काढली, गाडी सुटली. डब्याच्या दारात उभा मुलाचा बाप. मला न ओळखता ओरडला, "झोपा काढता का रे?" मोरू चिंबोऱ्या घेऊन घरी, मी मास्तरांपुढे. खरं सांगितलं तर मोरूवर केस, बायको माहेरी, पोरीचं लग्न खाडीत! म्हटलं, "गंज, साहेब." मेमो मला.

घरी पोचलो तर पाहुणे नांग्या फोडतायत, मोरू आग्रहानं वाढतोय. मी दारात, गुडघाभर चिखल. मुलाचा बाप बोटं चाटत म्हणाला, "मुलगी पसंत! पण पुढची बोलणी मामांशीच करू. वेळेला उभा राहणारा माणूस आहे... तुम्ही काय, लग्नाला जमेल तसे या."