खुराड्याचा अकरावा नकाशा

(घरामागचं अंगण. चार खांबांचा उघडा सांगाडा, जुन्या दारांच्या फळ्या, मातीची पोती. मिस्त्री, निवृत्त साहेब आणि साहेबांची बायको, म्हणजे मिस्त्रीच्या वहिनी.)

मिस्त्री : साहेब, हा अकरावा. दहाव्यात आणि ह्याच्यात फरक काय, तेवढं सांगा.

साहेब : छताचा उतार. दहाव्यात पाणी हळू उतरत होतं. छतावर झाडांसाठी टाकायची माती भिजून बसली असती, आणि भिजलेली माती दीडपट भरते.

मिस्त्री : मग हा बरोबर आहे ना? करवत लावू?

साहेब : थांबा. ह्याच्यावर शेरा आहे.

मिस्त्री : कोणाचा?

साहेब : माझाच.

वहिनी : वाचा मिस्त्री, मोठ्यानं वाचा. लाल पेन्सिलीनं लिहिलंय ते.

मिस्त्री : "छतावरील पुदिन्याची मुळे मातीखालच्या जलरोधक प्लास्टिकमध्ये शिरण्याची शक्यता विचारात घेतलेली नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे." कोणाला सादर करावे, साहेब?

वहिनी : ह्यांनाच. टेबलाच्या ह्या बाजूला बसून काढतात, मग उठून त्या बाजूच्या खुर्चीत जाऊन तपासतात. चष्मासुद्धा बदलतात. चाळीस वर्षं लोकांच्या नकाशांत खोड काढली, आता समोर कोणी उरलं नाही म्हणून स्वतःलाच धरलंय.

साहेब : अगं, पुदिन्याची मुळं चिवट असतात.

वहिनी : आणि सहा कोंबड्या न्हाणीघरात आहेत त्या? महिना झाला. टॉवेल खांद्यावर टाकून मी शेजारी आंघोळीला जाते, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं.

साहेब : कोंबड्या आणायची घाई तू केलीस.

वहिनी : पहिला नकाशा झाला तेव्हा आणल्या. मला वाटलं, नकाशा झाला म्हणजे आठवड्यात खुराडं होईल. मी काय तुमच्या ऑफिसात होते?

मिस्त्री : माझंही ऐका जरा. उद्यापासून मी शाळेच्या बाकांच्या कामाला चाललो. तीन महिने इकडे फिरकणं नाही. आज छत चढलं तर चढलं.

वहिनी : आणि नाही चढलं तर संध्याकाळी माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय. कोंबड्या त्याच्याकडे. शब्द दिलाय मी. ती लंगडी माझ्या हातावर दाणे खाते हो. तिला काय सांगू, फाइल त्रुटीत अडकली म्हणून?

साहेब : तुझ्या भावाकडे पत्र्याचं खोकं आहे. दुपारी भट्टी होते त्याची. म्हणून तर हे सगळं. वर झाडं, खाली गारवा, पावसाचं पाणी पिंपात, जुनीच दारं पुन्हा कामाला...

वहिनी : त्याचं खोकं उभं आहे. तुमचा गारवा कागदावर आहे.

मिस्त्री : साहेब, रागावू नका. ऑफिसात कधी मंजूरही करत होतात ना? का सगळेच परत?

साहेब : केले की. शेकड्यांनी केले.

मिस्त्री : मग कोंबड्यांचंच घोडं कुठे अडलं?

साहेब : तिथे आराखडा काढणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव असायचं. मी आपला तपासणारा. इथे काढणारा मी आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

वहिनी : आणि तपासणाराही तुम्हीच.

साहेब : दुसरं आहे कोण?

वहिनी : आणा ती पेन्सिल इकडे.

साहेब : तुला त्यातलं काय कळतं?

वहिनी : कोंबड्यांचं कळतं. बसू नका, उभे राहा. लोक तुमच्यासमोर उभेच राहायचे ना? सांगा, छत भिजून जड झालं तर?

साहेब : भिजलेल्या मातीच्या तिप्पट वजन धरलंय.

वहिनी : बोका आला तर?

साहेब : जाळी जमिनीत हातभर पुरायची. वर छताखाली दोन्ही बाजूंना हवेला जागा.

वहिनी : पुदिना खोडला. चिनी गुलाब लिहिते, बोटभर मातीतही फुलतो. आता हे दार. वीतभर दाखवलंय. आत झाडायला मी शिरायचं कसं?

साहेब : ते... कोंबडीच्या मापाचं आहे.

वहिनी : कोंबडी झाडणार आहे का? अकरा नकाशे झाले, एवढे शेरे झाले. घाण कोण काढणार, हा शेरा एकावरही नाही.

साहेब : राहिलं ते.

वहिनी : राहिलं नाही. ती मीच काढणार, हे धरून चाललात.

साहेब : धरूनही नाही चाललो. डोक्यातच आलं नाही. ते जास्त वाईट आहे.

मिस्त्री : वहिनी, दाराची फळी मी तिसऱ्या नकाशालाच कापून ठेवलीय. साडेतीन फूट. माणूस वाकून आत जातो.

साहेब : मग बोलला का नाहीत?

मिस्त्री : बोललो असतो तर चौथा त्याच दिवशी आला असता.

वहिनी : घ्या. झाली सही.

साहेब : एवढ्यात?

वहिनी : आता काही पडलं-झडलं तर दोघांचं.

मिस्त्री : मग कापतो. पुन्हा विचारणार नाही.

साहेब : मिस्त्री, थांबा.

वहिनी : आता काय राहिलं?

साहेब : फळी हलतेय. मी धरतो, तुम्ही कापा.