लिटरला अठरा

— हळू, हळू. दार आपटू नका, नुसतं टेकवा, आपोआप बसतं. आमचे हे आत झोपलेत — रविवारी चारच्या आत उठत नाहीत. तोवर आपला गाडीचा व्यवहार उरकला पाहिजे. बसा की चाकापाशी. बटण दाबा. दाबलंत? झाली चालू. अहो, चालूच आहे! आवाज नाही म्हणून सगळेच फसतात. हं, काय विचारत होतात — साध्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा हायब्रिडला एवढे जास्तीचे मोजावेत का? मीही हेच विचारलं होतं, शोरूममध्ये, तर यांनी मला टेबलाखालून पाय मारला.

विक्रेता मात्र प्रामाणिक निघाला. म्हणाला, बाई, एवढं मोठं धूड सिग्नलला थांबत-थांबत शहरात फिरवणार असाल, तर डोळे मिटून हायब्रिड घ्या — सावकाश चालते तेव्हा विजेवर चालते, ब्रेक मारला की बॅटरी भरते. पण हायवेवर पळवणार असाल तर सगळा भार इंजिनावरच, जास्तीचे पैसे फिटायला वर्षं लागतील. आता यांचं काम कुठलं? हायवेवरचं! सोमवार, बुधवार, शुक्रवार — कारखाना. जायचे नव्वद किलोमीटर, यायचे नव्वद. मग हायब्रिड कशाला, म्हटलं मी. तर म्हणे, तुला गाडीतलं काय कळतं? नाहीच कळत. मला फक्त भागाकार येतो. बरं, कर थोडा कमी बसतो म्हणून गाडी माझ्या नावावर — हे बघा कागद — पण चालवायला? दोन वर्षांत एकदाही नाही.

मागच्या महिन्यात त्या विक्रेत्याचा फोन आला, गाडी कशी काय म्हणून. मी कौतुकानं सांगितलं, गाडीतल्या पडद्यावर लिटरला अठरा किलोमीटर दिसतात. तो खूश! म्हणाला, बघा, तरी मी सांगत होतो, साहेब हायवेला जात नाहीत ते बरंय, सगळं शहरातलं चालवणं दिसतंय. मी फोन ठेवला आणि इथं येऊन बसले, तुम्ही बसलात तिथंच. एकूण किलोमीटरचा आकडा पाहिला. नऊ हजार. तुम्ही मघाशी तोच बघून हरखलात ना, दोन वर्षांत नऊच हजार म्हणून? कारखान्याला जाऊन-येऊन पन्नास हजार तरी व्हायला हवे होते हो.

तुमच्या मनात आलं तेच माझ्याही मनात आलं. बाई असणार. आठवडाभर मी तिला रंगवली — उंच, केस कापलेली, खळखळून हसणारी. आणि मग त्या उशीकडे लक्ष गेलं — राहू द्या, काढू नका ती — मानेमागची, लोकरीची. हे म्हणाले होते, हायवेवरच्या टपरीतून घेतली. टपरीत अशी कड विणतात? कोपऱ्यावर आलं की एक टाका उलटा. चुकीचंय ते. असं चुकीचं विणणारं माणूस अख्ख्या जगात एकच — माझी मोठी जाऊ. शंभरदा सांगितलं त्यांना, ताई, कोपरा मुडपतो. त्या म्हणायच्या, मुडपू दे, ओळखू तरी येईल माझं आहे म्हणून.

बाई असती तर परवडली असती! चार वर्षांपूर्वी दोघा भावांचं दुकानावरून वाजलं. हे घरी आले आणि मला म्हणाले, त्या घराचा उंबरा चढलीस तर या घरात परत यायचं नाही. नाही चढले. माझ्या कडेवर वाढलेल्या पुतणीचं लग्न झालं, मी त्या दिवशी घरातले सगळे पडदे धुतले. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. आणि हे? कारखाना केव्हाच सुटला होता. आठवड्यातून तीन दिवस भावाच्या दुकानात, शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून! मी जाऊन पाहिलं, समोरच्या फुटपाथवरून. भावाभावांचं गोड झालं, मला सांगायचं तेवढं राहिलं. कारण काय? शब्द मागे घ्यावा लागला असता. बायकोपुढे शब्द मागे घेणं म्हणजे यांच्या अगदी जिवावर येतं — त्यापेक्षा महागडी गाडी घेतली, सकाळी आवाज न करता जाणारी. तेव्हा जास्तीचे फिटले का, विचारत असाल तर, यांचे फिटले. पै न् पै.

का हो, बटण का बंद केलंत? साहेबांशी बोलून ठरवू? साहेबांशी कशाला? सही माझी लागते. हे उठायच्या आत घेऊन जा, ढकलायलासुद्धा लागणार नाही... बरं, मला अंधारात ठेवलंय हे ताईंना ठाऊक असेल का, असं म्हणताय? छे. त्यांना यांनी सांगितलं असणार, तीच हट्टी आहे, तीच येत नाही म्हणून. माणूस काय, सांगितलेलं धरून चालतं. मीही नाही का चालले? भेटले की सगळं सांगणार आहे मी त्यांना. गाडी विकली की पहिली तिथंच जाणार, रिक्षानं — 

डबा. मी यांना कारखान्यासाठी डबा देते, तिन्ही दिवस. पण दुकानाच्या वरच घर आहे त्यांचं, हे तर तिथंच जेवत असतील, गरम. आणि डबा रोज रिकामा येतो. घासलेला. यांनी जन्मात कधी भांडं घासलं नाही.

माझ्या हातची चव ताई झोपेतही ओळखतील.

दोन वर्षं जेवल्या त्या माझ्या हातचं. दोन वर्षं. ठाऊक होतं त्यांना. आणि मला एक फोन —

उतरा. उतरा खाली. नाही विकायची गाडी. विकून जाऊ कुणाकडे? जा म्हटलं ना.