मयत नंदाबाई खटके हिचा देह परत मागण्याबाबत

नाव अंगद बद्रीनाथ खटके, वय ५२ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा मोटार वायंडिंगचे दुकान व शेती, रा. वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मयत नंदाबाई ही माझी पत्नी. तिचा लहान भाऊ सर्जेराव, रा. धावडा, ता. भोकरदन, याने मी तिचा देह परस्पर वैद्यकीय महाविद्यालयाला दिला व तो दहनासाठी परत मिळावा, असा अर्ज आपल्या पोलीस ठाण्यात दिला आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे.

नंदाबाईला स्नायूंचे हाड होण्याचा आजार होता. मार लागला किंवा सुई टोचली की तिथे हाड धरायचे. आधी मान आखडली, मग पाठ, मग खांदे. दोन्ही हात कोपरात दुमडलेले तसेच राहिले. सगळीकडे संधिवात सांगितला. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलो तेव्हा हाडांच्या विभागातल्या मॅडमनी पाठ बघायच्या आधी तिच्या पायाचे अंगठे बघितले. ते जन्मापासून आत वळलेले होते. त्यावरून त्यांनी ओळखले.

पुढे हाडांचे, हृदयाचे, छातीचे, दातांचे डॉक्टर एकाच खोलीत तिच्याभोवती बसत. मॅडमनी एकदा एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. पाठीवर हाडाच्या फांद्या फुटलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जीभ आणि हृदय हेही स्नायूच. पण त्यांना हाड शिवत नाही. का, ते आम्हाला माहीत नाही. ते कळलं तर बाकीचे स्नायू वाचवता येतील." एवढे शिकलेले लोक माहीत नाही म्हणताना मी पहिल्यांदा पाहिले. नंदाबाई मला म्हणाली, "जीभ तेवढी सोडली बघा देवानं. तुमचं नशीबच फुटकं." सगळे हसले. त्याच दिवशी तिने देह द्यायचे ठरवले.

आज सकाळी तिचा श्वास थांबला. हृदय लवकर तपासले तरच उपयोग होतो, असे मॅडमनी सांगून ठेवले होते. म्हणून मी सर्जेरावची वाट पाहिली नाही. तो हिरवे लुगडे घेऊन आला तेव्हा गाडी गेलेली होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला शेवटचे लुगडे माहेरचे लागते. तो दारातूनच ओरडला, "दाजी, लुगडं नेसवायलाबी थांबले न्हाईत? गाऊनवरच लावून दिली व्हय माझ्या बहिणीला?"

अर्ज आल्यावर आपल्या ठाण्यातून फोन गेला, त्यामुळे महाविद्यालयातले तपासणीचे काम थांबले. दुपारी आपल्या हवालदारासोबत मी व सर्जेराव तिथे पोचलो. सर्जेराव म्हणाला, "आम्ही तिला घेऊन जाऊन राह्यलो." मॅडम म्हणाल्या, "न्या. पण आधी हे लुगडं नेसवू द्या." वेगवेगळ्या विभागांच्या बाया डॉक्टर आत गेल्या. आम्ही बाहेर उभे राहिलो.

दार उघडले तेव्हा नंदाबाई लुगड्यात होती. निऱ्या बराबर होत्या, डोक्यावर पदर होता. एकही सांधा ओढलेला नव्हता, हात होते तसेच दुमडलेले होते. मी तिला कित्येक वर्षांत लुगड्यात पाहिले नव्हते. सगळे डॉक्टर व विद्यार्थी तिच्यापुढे हात जोडून उभे होते. हवालदारांनी टोपी काढली.

सर्जेराव तिच्या पाया पडला. अंगठ्यांवर हात ठेवून म्हणाला, "हे तर लहानपणापासून असेच व्हते. आम्ही हिला चिडवायचो. यावरून कळलं व्हय, मॅडम?" त्या हो म्हणाल्या.

"आन् हृदय?"

"ते मऊच असेल, असं वाटतं. तेच बघायचं होतं."

त्याने लुगड्याचा काठ तिच्या अंगठ्यांवर सारखा केला. मग उठून म्हणाला, "मंग बघा जल्दी. कशाला थांबले?" लुगड्याचे काय करायचे असे मॅडमनी विचारले. तो म्हणाला, "माहेरचं दिलेलं वापस घेत न्हाईत. राहू द्या तिच्याजवळ."

आता सर्जेरावला देह परत मागायचा नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब चालू असताना मॅडमचा फोन आला. हृदयात कुठेही हाड सापडले नाही. सर्जेराव बाहेर बाकावर बसला आहे. त्याला एवढे सांगून येऊ द्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच लिहिला आहे, त्यात कमी-जास्त नाही.